डावीकडच्यानं सांगायचं

१

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत खेळायला जमतो. लॉन्ड्री दादाच्या मित्राच्या बाबांची. त्या मित्राला सगळे 'इस्त्री' म्हणतात, कारण त्याच्या घरी दिवसभर इस्त्री चालते आणि त्याचा स्वतःचा शर्ट मात्र कायम चुरगळलेला असतो. तिसरी माझी मामेबहीण. ती प्रत्येक नियमावर हुज्जत घालते, म्हणून 'वकील'. दादा खेळ चालवतो, तो सूत्रधार. आणि मी. मी बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, म्हणून माझं नाव 'पुटपुट'.

आमच्या खेळात पट नावापुरताच असतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं. दादा सांगतो, "समोर नदी आहे, पूल तुटलाय," आणि आपलं पात्र काय करेल ते आपण सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. मोहीम पार पडली की पात्राला एखादी नवी शक्ती मिळते. बाकीचे लोक अशा शक्ती यादीतून निवडतात आणि मोकळे होतात. दादाला ते पटत नाही.

"शक्ती आली कुठून ते सांगा," तो म्हणतो. "कालपर्यंत नव्हती आणि आज आली, असं होत नाही. ती आधीपासून असणार. आपल्याला आज कळली."

म्हणून आमच्याकडे प्रत्येक शक्तीला 'कारण' लागतं. कारण म्हणजे पात्राच्या आयुष्यात पूर्वी घडलेली गोष्ट, आणि त्या गोष्टीत पात्रानं काहीतरी गमावलेलं असलंच पाहिजे. स्वतःच्या पात्राचं कारण स्वतः सांगायचं नाही, नाहीतर माणूस स्वतःला सांभाळून घेतो. आपल्या डावीकडे बसलेल्यानं ते सांगायचं. तोंडी, एकदाच. लिहून ठेवायचं नाही. ऐकून झालं की पात्र ज्याचं असेल त्यानं 'मान्य' म्हणायचं. 'मान्य' म्हटलं की ते घडलेलं असतं.

खोली लांबट आहे. दोन्ही बाजूंच्या लोखंडी दांड्यांवर धुतलेले कोट आणि पडदे प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले असतात. पंखा त्यांच्याकडे वळला की ते सळसळतात. पुढच्या भागात इस्त्रीचे बाबा, म्हणजे काका, वाफेच्या इस्त्रीवर काम करतात. थोड्या थोड्या वेळानं 'फस्स' असा आवाज येतो. त्याची इतकी सवय झाली आहे की तो थांबला तरच लक्ष जातं.

टेबल गोल आहे आणि खुर्च्या पाच. माझ्या उजवीकडे वकील, तिच्या पलीकडे इस्त्री, त्याच्या पलीकडे दादा. दादा आणि माझ्या मधली पाचवी खुर्ची पिशव्यांची. पण पिशव्या आम्ही तिच्या पाठीला अडकवतो. बसायच्या जागेवर काही ठेवत नाही. असं का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

२

त्या रविवारी आमची मोठी मोहीम पार पडली आणि तिघांनाही शक्ती मिळाल्या.

"माझ्या चोरणीला जनावरांची भाषा कळली पाहिजे," वकील म्हणाली.

तिच्या डावीकडे मी बसते, म्हणून कारण मी सांगायचं होतं. माझा आवाज एरवी फुटत नाही, पण कारण सांगताना फुटतो. मी म्हणाले, "ती लहान असताना तिच्या आईवडिलांनी अबोला धरला. काही सांगायचं असलं की ते शेळीला सांगायचे. 'शेळे, त्यांना सांग मीठ संपलंय.' 'शेळे, तिला सांग मग आण.' मुलगी रोज तिथेच बसलेली. ऐकता ऐकता तिला शेळीची उत्तरंही कळायला लागली."

"गमावलं काय?" दादानं विचारलं.

"माणसाच्या आवाजातला राग तिला ओळखू येईनासा झाला. समोरचा चिडलाय हे तिला शेवटपर्यंत कळत नाही."

इस्त्री टेबलावर आडवा होऊन हसायला लागला. "अरे, ही चोरणीची गोष्ट कुठाय? ही सरळ सरळ वकीलची गोष्ट आहे!"

"गप रे चुरगळ्या," वकील म्हणाली. "मान्य. पण शेळी पुढच्या मोहिमेत माझ्याबरोबर येणार."

"शेळीचं नंतर बघू," दादा म्हणाला.

इस्त्रीच्या योद्ध्याचं कारण वकीलनं सांगितलं. मग माझी पाळी आली. माझं पात्र एक वाटाडी आहे, लोकांना डोंगरातून पलीकडे नेणारी. तिला मी शक्ती मागितली ती वाट न चुकण्याची. कुठेही सोडलं तरी तिला घरची वाट सापडली पाहिजे.

आता वकील हसली. "वाटाडी म्हणे! परवा आमच्याकडे हात धुवायला म्हणून गेली, ती कपाट उघडून आत बघत उभी होती."

"कपाटात नळ शोधत होतीस का गं?" इस्त्रीनं विचारलं.

मी लाजून मान खाली घातली आणि माझ्या हातातला फासा निसटला. तो टेबलाखाली गेला.

"असू दे, असू दे," दादा म्हणाला. "कारण?"

मी टेबलाखाली वाकले. तिथे धाग्यांचे पुंजके होते, तुटलेलं एक बटण होतं आणि पाय होते. फासा गडगडत जाऊन कोणाच्या तरी मोज्याला टेकून थांबला होता. मोजा हलू नये अशा बेतानं मी तो उचलला आणि वर आले.

वर सगळं शांत होतं. वकील डोळे पुसत होती. दर वाक्याला विनोद करणारा इस्त्री टेबलाच्या कडेचा पोपडा नखानं काढत बसला होता. पुढून येणारा वाफेचा आवाज थांबला होता, म्हणून मला पंखा ऐकू येत होता.

"बाप रे," इस्त्री हळूच म्हणाला.

"मान्य?" दादानं मला विचारलं. त्याचा आवाज मऊ झाला होता.

तिघंही माझ्याकडे बघत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले की मला काही सुचत नाही. शाळेत बाईंनी विचारलं 'समजलं का', की मी 'हो' म्हणते, कारण 'नाही' म्हटलं की त्या आणखी बघतात. मला वाटलं, मी खाली होते तेवढ्यात सांगून झालं असेल. नंतर दादाला विचारता येईल.

"मान्य," मी म्हणाले.

पुढून 'फस्स' आवाज आला.

३

मी वाट चुकते हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. बाबा मालाचा ट्रक चालवतात. ते म्हणतात, "मी गाडी देशभर फिरवून आणतो आणि माझी पोरगी जिन्यात हरवते." हे खरंच आहे. एखादा रस्ता येताना ओळखीचा असला तरी जाताना मला तो नवाच वाटतो.

त्या दिवशी दादा आणि वकील दुकानात गप्पा मारत थांबले आणि मी एकटी निघाले. कोपऱ्यावर नेहमी जशी थबकते तशी थबकले नाही. पाय आपोआप वळले. मी कधी न पाहिलेल्या एका बोळातून गेले, पाण्याच्या टाकीमागून बाहेर पडले, तर समोर आमचं दार.

"एकटी आलीस?" आईनं दार उघडत विचारलं. "दादा कुठाय?"

"मागून येतोय."

"मग तू आलीस कशी?"

"चालत."

बाबा आतून मोठ्यानं हसले. "ट्रकवाल्याची शोभलीस एकदाची!"

तो आठवडा मी फार खुशीत होते. शाळेतून रोज वेगळ्या रस्त्यानं घरी येत होते. मुद्दाम अनोळखी गल्लीत शिरायचे, डोळे मिटून स्वतःभोवती गिरक्या घ्यायचे आणि डोळे न उघडताच पाय घराकडे वळायचे. आपण खेळात काहीतरी मागावं आणि ते बाहेर मिळावं असं होत नसतं, हे मला कळत होतं. मला वाटलं, आत्मविश्वास आला असेल. बाई नेहमी म्हणतात की तुझ्यात तेवढंच कमी आहे.

एका संध्याकाळी आई माझा युनिफॉर्म दोरीवरून काढत होती. ती दवाखान्यात परिचारिका आहे आणि सकाळी आम्ही उठायच्या आत निघते. ती म्हणाली, "एक बरं झालं बाई. तुझ्या शाळेच्या वाटेची काळजी मिटली."

"काळजी कसली? शाळेत तर मी रोज जातेच."

"हो गं, पण आता एकटीनं..." तिचा हात चिमट्यावर थांबला. "म्हणजे, तेव्हा होतं ना..."

"काय होतं?"

ती दोरीकडे बघत राहिली. मग तिनं चिमटा काढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणत होते मी?"

४

त्या रात्री मला झोप लागेना, कारण एक साधा हिशोब जुळत नव्हता.

आई पहाटे जाते. बाबा आठवडाभर बाहेर असतात. दादाचं कॉलेज शाळेच्या उलट दिशेला आहे. वकील दुसऱ्या शाळेत जाते. आणि मला जिन्यातली वाट सापडत नाही. मग इतकी वर्षं मी शाळेत जात कशी होते?

मी रस्ता आठवून बघितला. सगळं स्पष्ट आठवलं. उजवीकडे पिवळी भिंत. उजवीकडे सायकलवाल्याचं दुकान, त्याच्या दारात टांगलेले टायर. उजवीकडेच जाळीमागे भुंकणारा कुत्रा. मग मी डावीकडचं आठवायला लागले. डावीकडे काय होतं? झाडं? दुकानं? इतक्या वर्षांत मी एकदाही डावीकडे बघितलं नाही असं कसं होईल?

काहीच आठवलं नाही. अंधारही नाही. डोळ्यांच्या कडेला जसं काही नसतं, तसं.

दुसऱ्या दिवशी मी वकीलला फोन केला. मी सहसा फोन करत नाही, त्यामुळे तिनं आधी विचारलं, "कोणाला काही झालंय का?"

"नाही. माझ्या वाटाडीचं कारण काय होतं?"

"काय होतं म्हणजे? तूच मान्य केलंस ना?"

"मी टेबलाखाली होते. मला ऐकू आलं नाही."

"काहीतरीच. चांगली मोठी गोष्ट होती ती. तू समोरच बसली होतीस."

"मला थोडी तरी सांग."

"दुसऱ्यांदा सांगायचं नाही, नियम आहे." पण तिला राहवलं नसावं. "अगं, दोघी घरी जायला निघतात. छोट्या असतात. आणि पोहोचते एकच. जी पोहोचते तिला पुढे कधीच वाट चुकत नाही, कारण... काय होतं बरं ते? शेवट असला भारी होता ना."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या डावीकडच्यानं."

"म्हणजे कोणी?"

तिच्याकडच्या टीव्हीचा आवाज येत राहिला. मग ती चिडून म्हणाली, "दादानं, अजून कोणी? कसले प्रश्न विचारतेस गं!"

मी दादाला विचारलं. तो बूट घालत होता. "मी नाही," तो म्हणाला. "सूत्रधार कारणं सांगत नाही. वकीलनं सांगितलं असेल."

"वकील माझ्या उजवीकडे बसते."

"मग इस्त्रीनं."

"दादा, माझी आधीची कारणं कोणी सांगितली?"

तो बुटाची नाडी हातात धरून बसला. माझ्या वाटाडीला आणखी शक्ती आहेत. तिला अंधारात दिसतं. तिला धुक्यात हाक ऐकू येते. त्यांची कारणं मला शब्दन् शब्द पाठ आहेत. ती कोणत्या आवाजात ऐकली, ते आठवत नाही.

"उशीर होतोय मला," दादा म्हणाला, आणि नाडी न बांधताच गेला.

५

कारणात काहीतरी गमवावं लागतं. ते मान्य केलं की ते घडलेलं असतं. मी काहीतरी गमावलं होतं, आणि काय ते मला माहीत नव्हतं.

मी घर तपासायला लागले. हरवलेली वस्तू शोधणं सोपं असतं, कारण ती कशी दिसते ते आपल्याला ठाऊक असतं. मी नुसतीच हिंडत होते. कपाट उघडायचे, लावायचे. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?"

माझ्या खोलीत दोनमजली पलंग आहे. मी खाली झोपते. वर कोणी झोपत नाही, पण आई माझी चादर बदलते तेव्हा वरचीही बदलते. मी विचारलं, "वरची कशाला बदलतेस?"

"धूळ बसते."

पलंगाच्या शिडीचा रंग पायऱ्यांच्या मध्यभागी उडालेला आहे, पाय पडून पडून उडतो तसा. मी शिडीवर चढत नाही, मला उंचीची भीती वाटते. बाबा म्हणाले, "जुना घेतला होता. तेव्हाच तसा असेल."

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. आई टापटिपीची आहे. पलंग जुना आहे. मी लहानपणी सायकलवाल्याच्या टायरांकडे बघत चालत असेन, म्हणून उजवीकडचंच लक्षात राहिलं. वकीलला विसरायची सवय आहे. मी गोष्टी रचते, म्हणून मला सगळीकडे गोष्टी दिसतात. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं आणि मला बरं वाटलं.

मग शनिवारी शाळेतून आल्यावर मी मोजे काढत होते. माझे पांढरे मोजे सैल झालेत. डाव्या पायाचा घसरून घोट्याशी गोळा होतो. तो ओढून काढताना मला टेबलाखालचा मोजा आठवला, ज्याला फासा टेकला होता. पांढरा, शाळेचा, घोट्याशी गोळा झालेला.

फासा पडला त्या दिवशी रविवार होता. मी सँडल घातली होती. दादा आणि इस्त्री चपला घालून होते. वकील नेहमीसारखी खुर्चीवर मांडी घालून बसली होती, तिचे पाय खाली नव्हतेच.

मी मोजा हातात धरून बसून राहिले. आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

६

"मान्य केलेलं कारण परत घेता येतं का?" मी विचारलं.

पुढच्या रविवारी आम्ही नुकतेच बसलो होतो. इस्त्रीनं चहाचे कप आणले होते. मी इतक्या लवकर आणि इतक्या मोठ्यानं बोलले की तो कप हातात घेऊन उभाच राहिला.

"पुटपुटला कंठ फुटला!"

"येतं," दादा म्हणाला. "पण शक्ती परत द्यावी लागते. आणि कारण पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं, सगळ्यांसमोर. ऐकून झाल्यावर 'अमान्य' म्हणायचं."

"हा नियम कधी झाला?" वकीलनं विचारलं.

"पहिल्यापासून आहे. कोणाला लागला नाही एवढंच."

"मला परत करायची आहे," मी म्हणाले. "वाट न चुकण्याची."

"अगं, एवढी मस्त शक्ती! ती नसली तर पुढच्या मोहिमेत आपण सगळे दरीत मरू," इस्त्री म्हणाला.

"करू दे तिला," दादा म्हणाला. मग तो माझ्या बाजूला वळला, पण माझ्याकडे नाही. पाचव्या खुर्चीकडे बघून, आपण कोणालाही सांगतो तितक्या सहज तो म्हणाला, "सांग पुन्हा."

वाफेचा आवाज थांबला.

मी खुर्चीकडे बघितलं. तिच्या पाठीला आमच्या पिशव्या होत्या. बसायची जागा रिकामी होती. गादीचं कापड मधोमध झिजलं होतं.

मला काहीही ऐकू येत नव्हतं. पंखा फिरत होता, प्लास्टिक सळसळत होतं. म्हणून मी तिघांच्या तोंडांकडे बघितलं. ते ऐकत होते. माणूस गोष्ट ऐकताना कसा दिसतो ते मला चांगलं माहीत आहे, मी सांगते तेव्हा तेच बघत असते. दादा मान हलवत होता. इस्त्री एकदा किंचित हसला, मग त्याचं हसू गेलं. "हं, मग?" तो पुटपुटला. वकीलची नजर खुर्चीवर एका जागी खिळली होती, बसलेल्या मुलीचं तोंड जिथे असेल तिथे. माझ्या डाव्या कानाला ऊब लागत होती. मी तिकडे मान वळवली नाही.

मग वकीलच्या कपाळावर आठी पडली. तिनं टेबलाखालून माझं मनगट धरलं.

"हे मागच्या वेळी नव्हतं," ती कुजबुजली.

"काय?"

"शेवटचं. हे तेव्हा सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कोणाचा राग कळत नाही, भीती तर कधीच वाटत नाही. तिची बोटं गार पडली होती. "मान्यच राहू दे, पुटपुट. ऐक माझं. शक्ती ठेव."

"राहू दे गं," इस्त्रीही म्हणाला. तो पाचव्या खुर्चीपासून मागे सरकला होता.

दादा सूत्रधार, तो फक्त विचारतो. "मान्य की अमान्य?"

पुन्हा सगळे माझ्याकडे बघत होते. 'मान्य' म्हणणं किती सोपं होतं. त्यांनी ऐकलं होतं, मी नव्हतं, आणि ते सांगत होते की नको. पण माझ्या मनात तो रस्ता होता, उजवीकडे पिवळी भिंत आणि डावीकडे काहीच नाही. तिथे कोणीतरी होतं. रोज सकाळी माझा हात धरून, गाड्यांच्या बाजूनं चालत, मला शाळेच्या फाटकात सोडणारं. मला टायरांकडे आणि कुत्र्याकडे निवांत बघता यावं म्हणून वाट लक्षात ठेवणारं. आणि मी काय केलं होतं? सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले म्हणून न ऐकताच तिला घालवून टाकलं होतं.

मी मनात 'तिला' म्हटलं, हे मला नंतर जाणवलं.

"अमान्य," मी म्हणाले.

माझा आवाज इतका मोठा आला की पुढून काकांनी डोकावून बघितलं. "काय रे, काय झालं?"

"काही नाही बाबा, खेळ चाललाय," इस्त्री म्हणाला.

'फस्स.' वाफेची इस्त्री पुन्हा सुरू झाली. दादानं डोळे चोळले, झोपेतून उठल्यासारखे. "शक्ती परत," तो म्हणाला. "चला, कोणाची पाळी?" इस्त्री चहाचे कप वाटायला लागला. त्यानं एक माझ्यासमोर ठेवला, एक पाचव्या खुर्चीसमोर, आणि स्वतःच्या कपात बघत बसला. वकीलनं माझं मनगट सोडलं होतं. तिथे तिच्या बोटांचे वळ उठले होते.

पाचव्या खुर्चीच्या पाठीला पिशव्या हळूहळू हेलकावत होत्या. पंखा तेव्हा दुसऱ्या बाजूला वळलेला होता.

"मी घरी जाते," मी म्हणाले.

७

बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर माणसं होती. एक बाई गॅलरीतून गालिचा झटकत होती. हे सगळं बघून मला इतकं हायसं वाटलं की मी पहिल्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

कोपऱ्यावर मी थबकले.

दोन रस्ते होते. दोन्ही ओळखीचे वाटत होते आणि दोन्ही नवे. पाय वळेनात. शक्ती परत दिली होती, म्हणजे हे असंच व्हायला हवं होतं. मला हसूही आलं. कोणालातरी विचारायचं, एवढंच. पण अनोळखी माणसाला काही विचारणं मला जमत नाही, आणि मी नुसतीच उभी राहिले.

तेव्हा कोणीतरी माझा डावा हात धरला.

हात माझ्या हाताएवढाच होता. थोडा ओलसर, धरायची सवय असलेला. बोटं न चाचपडता माझ्या बोटांत बसली, जशी रोज बसत असावीत. आणि तो मला घेऊन निघाला.

मी खाली बघितलं. मान जेवढी वळेल तेवढीच वळवली. पांढरा मोजा, घोट्याशी गोळा झालेला, माझ्या पावलाबरोबर पाऊल टाकत होता. त्याच्या वर मी बघितलं नाही. बघायचं ठरवत होते, दर पावलाला ठरवत होते.

मला रडू येत होतं. "सॉरी," मी पुटपुटले. "मला ऐकू आलं नव्हतं." हातानं माझा हात दाबला. त्याचा अर्थ मला कळला असं वाटलं.

आम्ही बोळात शिरलो. बोळातून बाहेर पडलो. उजवीकडे हिरवं फाटक गेलं. उजवीकडे औषधांचं बंद दुकान गेलं. आमच्या वाटेवर औषधांचं दुकान आहे का? मी आठवून बघितलं. असेल. किती दुकानं असतात. मला कुठे लक्षात राहतात?

मग माणसं कमी व्हायला लागली. गालिचा झटकल्याचा आवाज केव्हाच मागे पडला होता. वकील म्हणाली होती ते मला आठवलं. दोघी निघतात, पोहोचते एकच. मी ते अमान्य केलं होतं. म्हणजे आता आम्ही दोघी पोहोचणार होतो. मला तसंच वाटलं होतं. पण ते अमान्य केल्यावर आणखीही एक होऊ शकत होतं, दोघींपैकी कोणीच न पोहोचणं, आणि त्याचा विचार मी खोलीत असताना केला नव्हता. वकीलनं ऐकलं होतं ते कदाचित तेच असेल.

"आपण घरीच चाललोय ना?" मी विचारलं.

हात चालत राहिला. त्याला वाट पाठ होती, कुठे थांबत नव्हता, कुठे वळायचं ते शोधत नव्हता. मी माझा हात थोडा ओढून बघितला. त्याची पकड घट्ट झाली, लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तशी.

उजवीकडून एक लांब भिंत यायला लागली. ती पिवळी आहे का, ते मी डोळे ताणून बघत होते. उन्हात ती पिवळीच दिसत होती. उन्हात कुठलीही भिंत पिवळीच दिसते. घराच्या वाटेवरची भिंत कुठली आणि दुसरी कुठली, हे न बघता ओळखायची शक्ती माझ्याकडे आठवडाभर होती, आणि ती मी नुकतीच परत देऊन आले होते.